ट्रायल्स बाईकचा ब्रेक आणि कार्बोरेटर: दोन बारीक भोकांची गोष्ट

ट्रायल्स हा मोटरसायकलचा एक खेळ. त्याच्या गाडीला सीट नसते, कारण बसायचंच नसतं. दगड, ओढा, झाडांची मुळं, निसरडा चढ असा एक छोटा टप्पा फिती लावून आखलेला असतो, त्याला सेक्शन म्हणतात. तो उभ्यानं, पाय न टेकता पार करायचा. एकदा पाय टेकला तर दंडाचा एक गुण, दोनदा टेकला तर दोन, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी तीन. पडलात किंवा फितीबाहेर गेलात तर पाच. ज्याचे गुण सगळ्यात कमी, तो जिंकला. वेगाला इथं किंमत नाही. गाडी चालण्याच्या वेगानं जाते आणि कधीकधी दगडावर जागच्या जागी तोललेली असते.

म्हणूनच या गाडीत ब्रेक आणि कार्बोरेटर यांना जेवढं महत्त्व आहे तेवढं रस्त्यावरच्या गाडीत नसतं. पुढचा ब्रेक एका बोटानं दाबून अख्खी गाडी उतारावर धरून ठेवायची असते. इंजिनानं जवळजवळ बंद पडण्याच्या वेगावरून कुरकुर न करता उचल घ्यायची असते. यात जरा गडबड झाली की चालवणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. नव्या मुलांचं असं झालेलं मी पाहिलंय. महिनोन् महिने स्वतःला दोष देतात आणि दोष असतो गाडीत.

मी पुण्यात वाढलो. घरी चेतक होती, सकाळी ती आडवी करून मगच किक मारायची. आता बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे आणि इथल्या डोंगराळ भागात रविवारी ट्रायल्स खेळतो. या गाड्यांवर स्वतःच्या हातानं काम करताना एक गोष्ट पक्की कळली. ब्रेक आणि कार्बोरेटरच्या तक्रारींत बऱ्याचदा गुन्हेगार असतं सुईच्या टोकाएवढं एक भोक. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये (लिव्हर दाबला की ऑइल पुढे ढकलतो तो भाग) एक, कार्बोरेटरच्या पायलट जेटमध्ये (इंजिन स्लो चालताना पेट्रोल सोडणारा छोटा पितळी भाग) एक. ही दोन भोकं ओळखता आली तर पॅड, प्लग, कॉइल असं एकेक विकत आणून बदलत बसायची वेळ येत नाही.

हे सगळं डिस्क ब्रेक आणि टू-स्ट्रोक इंजिन असलेल्या गाड्यांसाठी आहे: बेटा इव्हो, गॅस गॅस टीएक्सटी, शेर्को, जुनी मोंटेसा ३१५ आर. २००५ पासूनच्या मोंटेसा फोर आरटीला फ्युएल इंजेक्शन आहे, तिच्या मालकांनी फक्त ब्रेकचा भाग वाचावा. उलट तुमच्याकडे बुल्टाको शेर्पासारखी जुनी गाडी असेल तर तिला ड्रम ब्रेक असतात, तुमच्या कामाचा भाग कार्बोरेटरचा.

आधी हाताशी काय ठेवायचं

ब्लीड निपलसाठी, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायच्या स्क्रूसाठी, मापाचा रिंग पाना (बहुतेक ठिकाणी ८ चा). उघड्या तोंडाचा पाना नको, निपल पितळी किंवा मऊ असतं, कोपरे लगेच झिजतात. औषधाच्या दुकानातली ५० मिलीची सिरिंज आणि तिला घट्ट बसणारी पारदर्शक नळी. डॉट ४ ब्रेक ऑइलची नवी, सीलबंद, छोटी बाटली. ब्रेक क्लीनर, कार्ब क्लीनर, जुना टूथब्रश, १२० नंबरचा पॉलिश पेपर. आणि गिटारची सगळ्यात बारीक तार. ०.००९ इंची तार म्हणजे साधारण ०.२३ मि.मी., ती दोन्ही भोकांसाठी कामाला येते.

एक वही ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, काय बदललं ते लिहा, गाडी चालवून बघा, मग पुढची. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारली तरी कशानं सुधारली ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ब्रेक: आधी लिव्हर काय सांगतोय ते ऐका

ब्रेकच्या तक्रारी तीनच प्रकारच्या असतात आणि त्या हातालाच कळतात. लिव्हर कडक आहे पण गाडी थांबत नाही. लिव्हर स्पंजसारखा दबतो. किंवा ब्रेक सोडला तरी चाक सुटत नाही. तिन्हींची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे पाना उचलण्याआधी आपली तक्रार कोणती ते ठरवा.

लिव्हर कडक आहे आणि पकड नाही, म्हणजे दाब कॅलिपरपर्यंत (डिस्कवर पॅड आवळणारा भाग) पोचतोय, पण पॅड डिस्कवर घसरतायत. तेल लागलंय किंवा पॅड काचेसारखे गुळगुळीत झालेत. तेल येतं कुठून? चेनला मारलेल्या स्प्रेमधून, गंज सोडवण्यासाठी गाडीभर फवारलेल्या डब्ल्यूडी-४० मधून, किंवा पुढच्या फोर्कचं सील गळत असेल तर थेट कॅलिपरवर टपकणाऱ्या फोर्क ऑइलमधून. फोर्कच्या नळीवर बोट फिरवून बघा. बोट तेलकट निघालं तर आधी सील बदला, नाहीतर नवे पॅडही आठवडाभरात वाया जातील.

डिस्क ब्रेक क्लीनरनं पुसा आणि फडकं काळं निघायचं थांबेपर्यंत पुसत राहा. पॅड काढून सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर आठाच्या आकड्यासारखे फिरवा, वरचा चकचकीत थर गेला पाहिजे. पॅडमध्ये तेल आतपर्यंत मुरलं असेल तर घासून काही होत नाही. गॅसवर भाजून तेल काढायचे सल्ले तुम्हाला मिळतील. मी ते करत नाही आणि तुम्हीही करू नका. ब्रेकचे पॅड जपून वापरायची वस्तू नाही, नवे घाला. मसाल्याचा थर १ मि.मी.पेक्षा कमी राहिला असेल तरीही नवे घाला.

नवे पॅड पहिल्याच दिवशी पकडत नाहीत. ट्रायल्सवाल्यांची जुनी रीत अशी की हलका ब्रेक दाबून धरत गाडी चालवायची आणि मधूनमधून डिस्कवर पाणी पडू द्यायचं. ओल्या मातीचं पाणी बारीक पॉलिश पेपरचं काम करतं. पाचदहा मिनिटांत लिव्हरला आलेला फरक बोटाला कळतो.

स्पंजसारखा लिव्हर: हवा काढणं

आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो खरं, पण डॉट ४ हे ऑइल नाही. ते ग्लायकॉल जातीचं द्रव आहे, हवेतलं पाणी ओढून घेतं, रंग खातं, आणि खरं खनिज तेल त्यात मिसळलं तर आतले रबरी सील फुगून निकामी होतात. उलटंही तितकंच खरं. ट्रायल्सच्या काही गाड्यांचा हायड्रॉलिक क्लच खनिज तेलावर चालतो, त्यात डॉट ४ घातलं की सील गेले. झाकणावर काय लिहिलंय ते प्रत्येक वेळी वाचा. डॉट ५ नाव जवळचं असलं तरी ते सिलिकॉनचं असतं, तेही नको.

दाबल्यावर लिव्हर मऊ लागतो कारण नळीत हवा आहे. द्रव दबत नाही, हवा दबते. हवा वर जाते, ही साधी गोष्ट लक्षात ठेवून काम केलं तर निम्मे कष्ट वाचतात. म्हणून मी वरून खाली पंप मारत बसत नाही, खालून वर भरतो.

हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण काढा, जुनं ऑइल सिरिंजनं जवळपास सगळं उपसा, आजूबाजूला ओलं फडकं पसरा. सिरिंजमध्ये नवं ऑइल भरा, नळीतली हवा आधी बाहेर ढकला आणि नळी कॅलिपरच्या निपलवर चढवा. निपल अर्धा फेरा सैल करा आणि सिरिंज हळू, अगदी हळू दाबा. वरच्या टाकीत बुडबुडे येताना दिसतील. टाकी भरत आली की थांबा, निपल बंद करा, वरचं जास्तीचं ऑइल उपसा, पुन्हा भरा. बुडबुडे थांबले की काम झालं. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्यानं धुवा, नुसतं पुसून भागत नाही.

मागचा ब्रेक मात्र नव्या माणसाला रडवतो. मास्टर सिलिंडर खाली पायाजवळ, नळी जवळजवळ आडवी, आणि कॅलिपर असा बसवलेला की हवा आतल्या कोपऱ्यात अडकते. इथे कॅलिपर काढून घ्या, पॅडच्या मध्ये लाकडाची चपटी पट्टी घाला (नाहीतर पिस्टन बाहेर येतील), आणि कॅलिपर हातात फिरवत निपल सगळ्यात वर येईल असा धरा. मग निपलमधून हवा काढा. कॅलिपरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हलक्या टिचक्या मारल्या की चिकटलेले बुडबुडे सुटतात.

रात्रभर लिव्हर दाबून रबर बँडनं बांधून ठेवायचा उपायही प्रसिद्ध आहे. थोडी हवा असेल तर सकाळी लिव्हर खरंच सुधारलेला असतो. पण हवा जास्त असेल तर तो उपाय नव्हे.

ब्रेक सुटत नाही: पहिलं भोक

माझ्याच गाडीवर हे झालं. सकाळी ब्रेक छान, तासाभरानं मागचं चाक जड, दुपारी चढावर चाक जाम. गाडी थंड झाली की पुन्हा सगळं ठीक. मी पॅड बदलले, कॅलिपर साफ केला, तीनदा हवा काढली. पुढच्या रविवारी तेच. तेव्हा क्लबातल्या एका वयस्क गृहस्थांनी खिशातून ८ चा पाना काढला, जाम झालेल्या गाडीचं निपल किंचित सैल केलं, ऑइलची बारीक पिचकारी उडाली आणि चाक गर्रकन फिरलं. म्हणाले, कॅलिपर निर्दोष आहे, दाब वर परत जात नाहीये.

ही तपासणी आधी करा. चाक जाम असतानाच निपल अगदी थोडं उघडा, डोळ्यांपुढे फडकं धरून. चाक सुटलं तर दाब आत कोंडला होता, म्हणजे दोष मास्टर सिलिंडरकडे, क्वचित आतून फुगलेल्या नळीत. चाक सुटलं नाही तर दोष कॅलिपरमध्ये, पिस्टन किंवा पॅडची पिन अडकली आहे. एका मिनिटात अर्धं कोडं सुटतं.

दाब कोंडतो कसा ते समजून घ्या. मास्टर सिलिंडरच्या टाकीच्या तळाला दोन भोकं असतात, एक मोठं आणि एक अगदी बारीक. ब्रेक सोडला की पिस्टन मागे येतो आणि ते बारीक भोक उघडं पडतं. ब्रेक तापला की ऑइल प्रसरण पावतं आणि जास्तीचं ऑइल या भोकातून टाकीत परत जातं. भोक बंद असेल तर जायला वाट नाही. ऑइल फुगतं, पॅड डिस्कवर दाबले जातात, डिस्क आणखी तापते, ऑइल आणखी फुगतं. शेवटी चाक जाम.

भोक बंद होण्याची कारणं दोन. एक म्हणजे कचरा. दुसरं, आणि माझ्या पाहण्यात जास्त वेळा आढळणारं, म्हणजे पेडलला किंवा लिव्हरला प्लेच (मोकळी हालचाल) न ठेवणं. ब्रेक लगेच लागावा म्हणून लोक अ‍ॅडजस्टर पूर्ण आवळतात. मग पिस्टन पूर्ण मागे येतच नाही आणि ते भोक कायमचं झाकलेलं राहतं. माझ्या गाडीत हेच होतं. पेडलचा स्क्रू मीच आवळला होता.

तर आधी प्ले द्या. पिस्टनला धक्का लागण्याआधी पुशरॉड किंवा लिव्हरचा स्क्रू साधारण १ मि.मी. मोकळा हलला पाहिजे. बोटानं हलवून बघा, नुसतं डोळ्यानं ठरवू नका. मग टाकीचं झाकण काढून लिव्हर अगदी हलका, अर्धा सेंटिमीटर दाबा. भोक मोकळं असेल तर ऑइलच्या पृष्ठभागावर छोटी उसळी येते, कधी कारंजंही उडतं, म्हणून चेहरा वर आणू नका. उसळी आलीच नाही तर ऑइल उपसा, टॉर्चच्या उजेडात बारीक भोक शोधा आणि गिटारची तार हळूच आत घाला. जोर करायचा नाही, आत पिस्टनचं रबर असतं. कचरा निघाला की पूर्ण ऑइल बदला, कारण कचरा होता याचा अर्थच ऑइल जुनं झालंय.

कॅलिपर दोषी निघाला तर पिस्टन एकेक करून थोडे बाहेर काढा, बाकीचे दाबून धरून. टूथब्रश आणि ब्रेक ऑइलनं कडा स्वच्छ करा आणि मगच मागे ढकला. चिखलासकट मागे ढकलले तर तो चिखल सीलखाली जातो. सीलला साधं ग्रीस लावू नका, ब्रेकच्या रबरासाठीचं लाल ग्रीस वेगळं मिळतं.

काम झालं की आधी गाडी ढकलत चालवून ब्रेक तपासा, मग सपाट जागी सावकाश. थेट उतारावर नेऊ नका.

कार्बोरेटर: उघडण्याआधी पाच मिनिटं

गाडी चालू होत नाही म्हटलं की नव्या माणसाचा हात कार्बोरेटरकडे जातो. थांबा. हँडलवरचं किल स्विच बघा. मनगटाला बांधायच्या दोरीचं चुंबक नीट बसलं नसेल तर शंभर किक मारूनही उपयोग नाही. प्लग काढा, ठिणगी बघा. कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणारी फ्लोटची वाटी असते, तिच्या खालचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल सलग येतंय का बघा. सुरुवातीला येऊन मग थेंबथेंब होत असेल तर पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातली हवेची नळी बंद आहे किंवा पेट्रोलच्या कॉकची जाळी भरलीय. हवेच्या फिल्टरचा फोम ओला, चिखलानं भरलेला असेल तर तो धुवा, तेल लावा, आणि जास्तीचं तेल पिळून काढा.

गाडी आडवी पडून पेट्रोल जास्त झालं असेल तर कॉक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि किक मारत राहा. चेतक आडवी करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: थंड इंजिनाला तेच जास्तीचं पेट्रोल हवं असतं, गरम इंजिनाला तेच नको असतं.

एवढं करूनही दोष राहिला तर तो थ्रॉटलच्या कोणत्या टप्प्यात आहे ते बघा. अगदी सुरुवातीला, आठव्या भागापर्यंत, पायलट जेट आणि बाजूचा स्क्रू यांचं राज्य असतं. त्यापुढे चौथाईपर्यंत स्लाइडचा (थ्रॉटलबरोबर वरखाली होणारी झडप) कापलेला भाग, मग पाऊण भागापर्यंत स्लाइडला लटकलेली सुई, आणि शेवटी पूर्ण रेसचं मेन जेट. ट्रायल्समध्ये आपण बहुतेक वेळ पहिल्या चौथाईतच असतो. म्हणून मेन जेट बदलून गाडी सुधारेल या आशेवर पैसे घालवू नका.

दुसरं भोक

चोक ओढला तरच गाडी चालू राहते, चोक सोडला की बंद. किंवा स्लो धरतच नाही, सतत रेस द्यावी लागते. ही पायलट जेट बंद झाल्याची खूण. डेलॉर्टो कंपनीच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ३६ नंबर म्हणजे ०.३६ मि.मी. त्यातून इंजिनाचं सगळं स्लोचं पेट्रोल जातं. वाळलेल्या पेट्रोलचा एक कण पुरतो.

कार्बोरेटर काढताना बाहेरून नीट धुऊन घ्या, कॉक बंद करा, गॅरेजचं दार उघडं ठेवा आणि जवळपास ज्योत नको, गिझरचीसुद्धा. केहिन आणि मिकुनी कंपन्यांच्या कार्बोरेटरचे चौफुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात, साधा फिलिप्स त्यात नीट बसत नाही आणि डोकं खातो. जपानी मापाचा स्क्रू ड्रायव्हर विकत घ्या, खर्च वाया जाणार नाही. बाजूचा स्क्रू काढण्याआधी तो आत पूर्ण बसेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून वहीत लिहा. टेकला की थांबा, आवळू नका, टोक नाजूक असतं.

पायलट जेट काढा आणि खिडकीकडे धरून एका डोळ्यानं बघा. मोकळ्या जेटमध्ये अगदी गोल, तीक्ष्ण प्रकाशाचा ठिपका दिसतो. ठिपका चंद्रकोरीसारखा किंवा धूसर दिसला तर जेट मोकळं नाही. कार्ब क्लीनर मारा, थोडा वेळ भिजू द्या, पुन्हा मारा. तार घालायचीच झाली तर सरळ आतबाहेर, फिरवायची नाही; पितळ मऊ आहे आणि तारेनं भोक मोठं झालं तर जेटवरचा नंबर खोटा ठरतो. जेट ज्या भोकात बसतं त्यातूनही फवारा मारा, तो इंजिनाच्या बाजूच्या बारीक छिद्रातून बाहेर आला पाहिजे. चष्मा लावून करा, फवारा नेमका डोळ्याकडे येतो.

पेट्रोल बाहेर वाहत असेल तर फ्लोटच्या सुईखाली (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी ही वेगळी सुई) कचरा अडकलाय. जागेवर असतानाच वाटीवर हलक्या टिचक्या मारून बघा, पुष्कळदा तेवढ्यानं थांबतं. नाही थांबलं तर सुईचं रबरी टोक बघा. त्यावर गोल खाच पडली असेल तर सुई बदला.

स्लाइड परत बसवताना तिची कापलेली बाजू फिल्टरकडे. थ्रॉटल सोडल्यावर स्लाइड टक् असा आवाज करत खाली आली पाहिजे. हा आवाज ऐकल्याशिवाय किक मारू नका.

स्क्रू लावणं, आणि एक इशारा

स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, तिथे उलटं. हवेचा स्क्रू पूर्ण आत टेकवून मग दीड फेरा बाहेर काढा आणि तिथून सुरुवात करा. इंजिन पूर्ण गरम, स्लो किंचित वाढवलेला. स्क्रू पाव फेरा फिरवा, दहा सेकंद थांबा, ऐका. इंजिन जिथे सगळ्यात मोकळं, वेगात चालतं ती जागा पकडा आणि मग स्लो खाली आणा. ही जागा एका फेऱ्याच्या आतच सापडत असेल तर पायलट जेट एक नंबर मोठं हवं. अडीच फेऱ्यांच्या पुढे सापडत असेल तर एक नंबर लहान. थंडीत हवा दाट असते, त्यामुळे डिसेंबरात बरोबर लावलेला स्क्रू जूनमध्ये बरोबर राहत नाही.

रेस सोडल्यावर इंजिन खाली यायला वेळ घेतं किंवा आपोआप चढत जातं, तर चालवणं लगेच थांबवा. थ्रॉटलची वायर अडकली नसेल तर बाहेरची हवा आत शिरतेय: कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यातल्या रबराला चीर पडली असेल किंवा क्रँकचं सील गेलं असेल. रबर वाकवून चिरा बघा. पांढरा धूर येतोय आणि गिअरचं ऑइल कमी होतंय, तर क्लचकडचं सील. स्क्रू फिरवून हा दोष झाकता येतो, पण टू-स्ट्रोकला पेट्रोलमधूनच तेल मिळतं. मिश्रण पातळ म्हणजे तेलही कमी, आणि पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरात अडकून बसतो.

राहिलं पेट्रोल. ब्रिटनमध्ये २०२१ पासून पंपावर साधं पेट्रोल म्हणजे ई-१०, आणि भारतात आता ई-२०. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पुण्यात भावाची आरएक्स १०० चार महिने उभी होती; तिच्या फ्लोटच्या वाटीत पांढरी पूड जमली होती आणि पायलट जेटमधून प्रकाश दिसत नव्हता. इथल्या माझ्या ट्रायल्स बाईकच्या जेटसारखंच. गाडी तीन आठवड्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करा आणि ड्रेन स्क्रू सोडून वाटी रिकामी करा. ते पेट्रोल एखाद्या काचेच्या बाटलीत धरा आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. तळाला पाण्याचे गोल मणी दिसले तर टाकीही रिकामी करायची.